वेतन अनुदान आणि लघुउद्योगातील नवी भरती

कामगाराच्या पगाराचा काही भाग ठरावीक मुदतीपुरता सरकारने उचलायचा आणि मालकाने एरवी केली नसती अशी भरती करायची, हा वेतन अनुदानाचा मूळ व्यवहार आहे. यातली ‘एरवी केली नसती’ ही अट सगळ्यांत महत्त्वाची आणि पडताळायला सगळ्यांत अवघड. हातात ऑर्डर असलेला कारखानदार अनुदान नसले तरी माणूस घेतोच. त्याच्यासाठी हा पैसा निव्वळ नफा ठरतो. जुना हेल्पर काढून त्याच्या जागी अनुदानाचा नवा बसवला, तर रोजगार वाढत नाही, एकाचे घर चालते आणि दुसऱ्याचे बंद पडते. प्रत्येक योजनेतल्या अटी या दोन गळत्या रोखण्यासाठी घातलेल्या असतात, आणि त्याच अटी लहान उद्योगाला सर्वाधिक जाचतात.

कल्पना जुनी आहे. निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये बेकारीवरचा उपाय म्हणून ती मांडली. अमेरिकेने १९७७ मध्ये आदल्या वर्षापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक रोजगार वाढवणाऱ्या मालकांना करसवलत दिली. त्याच देशातल्या डेटन शहरातला १९८०-८१ चा प्रयोग मात्र जास्त शिकवून जातो. तिथे गरीब उमेदवारांच्या हातीच अनुदानाची चिठ्ठी दिली होती. ती दाखवली की मालकाला पैसे मिळणार होते. प्रत्यक्षात चिठ्ठीवाल्यांना चिठ्ठी नसलेल्यांपेक्षा कमी नोकऱ्या मिळाल्या. सरकारला पैसे देऊन खपवावा लागतो तो माणूस कामाचा नसणार, असा अर्थ मालकांनी लावला असावा, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. भारतातल्या योजनांनी हा शिक्का टाळला. इथे अनुदान भरतीनंतर, भविष्यनिर्वाह निधीच्या (पीएफ) खात्यामार्गे ठरते. मुलाखतीला येणाऱ्या मुलाच्या कपाळावर काही लिहिलेले नसते.

२०१६च्या पंतप्रधान रोजगार प्रोत्साहन योजनेत दरमहा १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या नव्या कामगारासाठी मालकाचा ८.३३ टक्के पेन्शन हिस्सा केंद्राने भरला. एप्रिल २०१८ पासून पूर्ण १२ टक्के. कोरोनाकाळातल्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत एक हजारापर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांसाठी मालक आणि कामगार या दोघांचेही हिस्से, म्हणजे वेतनाच्या २४ टक्के, दोन वर्षे सरकारने उचलले. ही सूट पीएफच्या चलनातच वळती होत असे. मालकाला आधी भरून नंतर मागावे लागत नव्हते.

सध्या चालू असलेली प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना वेगळ्या वळणाची आहे. तिची तरतूद ९९,४४६ कोटी रुपयांची, आणि ती १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या भरतीला लागू आहे. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला एक महिन्याचे वेतन, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळते: पहिला सहा महिन्यांनी; दुसरा बारा महिन्यांनी, आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर. मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे दरमहा कमाल ३,००० रुपये दोन वर्षे मिळतात. उत्पादन क्षेत्रात ही मुदत चार वर्षांची आहे. पीएफ वेतन १०,००० पर्यंत असेल तर १,००० पर्यंत, १०,००१ ते २०,००० मध्ये २,००० आणि त्यापुढे एक लाखापर्यंत ३,००० असे टप्पे आहेत. पन्नासहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन माणसे वाढवली पाहिजेत, त्याहून मोठीने पाच. आणि ती किमान सहा महिने टिकली पाहिजेत.

इथे ‘वाढीव’ याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. आधीच्या काळातल्या कामगारसंख्येवरून आधारसंख्या ठरते आणि वाढ तिच्यावर मोजली जाते. दिवाळीला गावी गेलेले दोघे परतले नाहीत आणि त्यांच्या जागी दोघे घेतले, तर ती भरती खरी असली तरी अनुदानास पात्र नाही. लहान कारखान्यात माणसे सतत येत-जात असतात. त्यामुळे नवी माणसे आणण्याइतकेच जुनी टिकवणे हेही अनुदान मिळवण्याचे काम आहे.

आता हिशेब. यंत्रभागांचे जॉब वर्क करणाऱ्या एका कारखान्यात दोन हेल्पर घ्यायचे आहेत, पीएफ वेतन प्रत्येकी १४,००० रुपये. प्रशासन शुल्क आणि विमा वर्गणी धरून मालकाचा पीएफ खर्च सुमारे १३ टक्के, म्हणजे १,८२०. राज्य कामगार विम्याचे ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. एका हेल्परचा महिन्याचा खर्च १६,२७५ होतो. दोघांचे सहा महिने म्हणजे १,९५,३०० रुपये, आणि तोवर अनुदानाचा एक रुपयाही हाती नसतो. त्यानंतर या सहा महिन्यांपोटी दोघांचे मिळून २४,००० येतात. ही मदत खरीच आहे, पण ती खेळते भांडवल पुरवत नाही. मोठ्या कंपन्यांनी ४५ दिवसांत बिल चुकवावे असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. तरीही ज्याची बिले महिनोन्महिने अडकतात, त्या पुरवठादाराची अडचण नेमकी याच सहा महिन्यांत असते.

याहून मोठी अडचण वीसच्या उंबरठ्यावर आहे. पीएफ कायदा सर्वसाधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो. वरचा कारखाना अठरा कामगारांचा असेल, तर दोन नव्या हेल्परांमुळे वीसही जण पीएफखाली येतात. सगळ्यांचे वेतन १४,००० धरले तर मालकावर दरमहा ३६,४०० रुपयांचा नवा बोजा पडतो. दोघांचे अनुदान पूर्ण मिळाले असे गृहीत धरले तरी ते ४,०००. अठरावर थांबण्याचा किंवा पुढची माणसे ठेकेदाराच्या मस्टरवर दाखवण्याचा मोह इथूनच होतो. पीएफ हा कामगाराचा हक्क आहे आणि तो टाळण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण वाढीसाठी आखलेली योजना वाढीच्या पायरीवरच तोकडी पडत असेल, तर दोष योजनेच्या मापात आहे. वीसचा आकडा नव्याने ओलांडणाऱ्या आस्थापनेला पहिली दोन वर्षे सगळ्याच कामगारांच्या पीएफमध्ये उतरता वाटा मिळावा, ही मागणी उद्योजक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र करण्यासारखी आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत चुका बहुधा पहिल्याच आठवड्यात होतात. आधारवरचे नाव आणि पीएफमधले नाव एका अक्षराने वेगळे असते. बँक खाते आधारला जोडलेले नसते. यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकासाठी उमंग ॲपवर चेहरा ओळखण्याची पायरी राहून जाते. कधी मुलगा मनापासून सांगतो की ही पहिलीच नोकरी, आणि पूर्वीच्या एखाद्या ठेकेदाराने त्याच्या नावे खाते उघडून ठेवलेले निघते. मग पहिल्या नोकरीचा लाभ जातो. मालकाचे अनुदान मात्र जात नाही, कारण ते वाढीव संख्येवर आहे. हा फरक ठाऊक नसल्याने दावाच सोडून दिला जाऊ नये. रुजू होण्याच्या दिवशीच कागद तपासणे आणि दर महिन्याचे विवरण पंधरा तारखेच्या आत भरणे, एवढी शिस्त बहुतेक नुकसान वाचवते.

अनुदान खर्च कशावर करायचे, हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. नवा हेल्पर पहिले काही महिने पगाराइतके काम देत नाही. त्याच्या हातून तुकडे नाकारले जातात, मापे चुकतात आणि त्याला दाखवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचे उत्पादनही घसरते. दरमहा दोन हजारांचा खरा उपयोग या शिकण्याच्या काळाची किंमत भागवण्यात आहे. शिकवणाऱ्या ऑपरेटरला त्यातून भत्ता देणे हा सगळ्यांत शहाणा खर्च. पगारच दोन हजारांनी कमी धरून मालाचा दर उतरवला, तर अनुदान संपताच तो दर परवडत नाही आणि माणूस जातो. महाराष्ट्रातील मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही हाच विचार लागू पडतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन सरकार थेट खात्यात देते. तो प्रशिक्षणार्थी कर्मचारी नसतो, त्याचा पीएफही नसतो. त्याला फुकटचा हात समजून कपाटातल्या फायली लावायला बसवले तर मुदत संपल्यावर कोणाकडेच काही उरत नाही. कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हाताखाली तो शिकणार आणि मुदतीनंतर जागा आहे की नाही, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. जागा नसेल तर तेही.