ब्राऊजरची नवी आवृत्ती आणि आपली कचेरी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाविषयी बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा त्याच्या चमत्कारांचे वर्णन करतो. मला मात्र आज एका कुरकुरीविषयी बोलावयाचे आहे. "काल चालत होते, आज चालत नाही" हे वाक्य ज्याने कचेरीत अथवा शाळेत ऐकलेले नाही असा श्रोता या सभागृहात विरळाच. रात्री यंत्र आपल्या मनाने ब्राऊजरची नवी आवृत्ती उतरवून घेते आणि सकाळी दाखल्यावर स्वाक्षरी उमटत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही. लिपिक म्हणतो, संगणक बिघडला. दुरुस्तीस आलेला गृहस्थ म्हणतो, संकेतस्थळच जुने आहे. संकेतस्थळ चालविणारे सांगतात, जुनी आवृत्ती पुन्हा टाका. तोपर्यंत बारा कोसांवरून आलेला खातेदार खिडकीशी उभाच असतो.

ब्राऊजरला 'न्याहाळक' असा चांगला मराठी शब्द सुचविला गेला आहे. परंतु तो अद्याप जिभेवर रुळलेला नाही, म्हणून मी प्रचारातलाच शब्द वापरतो. संकेतस्थळाकडून आपल्या यंत्राकडे जे येते ते तयार पान नसते. मजकूर कोठे ठेवावा, कोणता भाग ठळक करावा, कोणते बटण दाबले असता काय व्हावे, अशा खुणांनी भरलेली ती एक संहिता असते. ती वाचून पान मांडण्याचे काम ब्राऊजर करतो. एकच मोडी दस्त दोन जाणकारांकडून वाचून घेतला तर एखाद्या अक्षराविषयी त्यांच्यात मतभेद होतो, तसाच प्रकार येथेही घडतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० मध्ये पहिला ब्राऊजर लिहिला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून १९९३ मध्ये 'मोझॅक' बाहेर पडला, १९९४ मध्ये नेटस्केप आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. पुढील काही वर्षे या दोघांत मोठी झुंज झाली, आणि प्रत्येकाने स्वतःपुरत्या नव्या खुणा काढल्या. झुंजीत एक्सप्लोररची सरशी झाली. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जगातील असंख्य कचेऱ्यांनी आपली संकेतस्थळे त्या एका सहाव्या आवृत्तीच्या मापाने शिवून घेतली. आजच्या पुष्कळ दुखण्यांचे मूळ त्या शिलाईत आहे, असे माझे मत आहे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस बलवान सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर अमेरिकेचे निर्बंध होते. म्हणून कोरियाने 'सीड' नावाची स्वतःची पद्धती तयार केली. स्वावलंबनाचा तो प्रयत्न खरोखर स्तुत्य होता. मात्र ती पद्धती 'ॲक्टिव्हएक्स' या इंटरनेट एक्सप्लोररपुरत्याच असलेल्या सोयीतून वापरावी लागे. परिणामी बँकेचा व्यवहार असो की सरकारी काम, नागरिकाला दुसरा ब्राऊजर वापरण्याची मुभाच राहिली नाही. त्या व्यवस्थेतील अधिकृत प्रमाणपत्रांचे विशेष स्थान संपण्यास डिसेंबर २०२० उजाडला. सुमारे वीस वर्षे एक प्रगत देश एका परदेशी कंपनीच्या एका ब्राऊजरला बांधला गेला, आणि तोही स्वावलंबनाच्या पोटी!

आपल्या मराठीनेही असाच फेरा अनुभवला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळावर स्वतःचे निराळे फॉन्ट वापरीत. असा फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरवून घेण्याची एक सोय एक्सप्लोररमध्ये होती, फायरफॉक्समध्ये ती नव्हती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा हौसेने तो घेणाऱ्या मराठी वाचकाला अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. दोष नव्या ब्राऊजरचा, अशीच त्याची समजूत होई. वस्तुतः मजकूरच सर्वमान्य प्रमाणाने लिहिलेला नव्हता. युनिकोडचा स्वीकार झाल्यावर तोच ब्राऊजर उत्तम मराठी दाखवू लागला.

आता डिजिटल स्वाक्षरीकडे वळू, कारण आपणांपैकी अनेकांच्या तक्रारी तिच्याशी निगडित आहेत. ई-निविदेसारख्या कामांत टोकनमधील स्वाक्षरी वापरण्यासाठी ब्राऊजरच्या आत 'जावा'ची एक पुरवणी चालविली जात असे. अशा पुरवण्यांना यंत्राच्या अंतर्भागात फार मोकळा प्रवेश मिळे, आणि त्याच वाटेने चोरही शिरत. म्हणून क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ती वाट बंद केली. घराचे मागील दार चोरांसाठी बंद केले आणि दूधवाला बाहेर राहिला, असा हा प्रकार. पुढे स्वाक्षरीची आज्ञावली ब्राऊजरच्या बाहेर, यंत्रावर स्वतंत्रपणे बसविण्याची पद्धत आली. परंतु मधल्या काळात कित्येक कचेऱ्यांत एक जुना संगणक जुन्या आवृत्तीसह केवळ स्वाक्षरीपुरता राखून ठेवला गेला. दुर्दैव असे की, सर्वांत मोलाची कळ सर्वांत असुरक्षित यंत्राला जोडली जाऊ लागली. नवी आवृत्ती रोखून धरण्यातला खरा धोका हा आहे.

याचा अर्थ निर्माते निर्दोष आहेत असा मुळीच नाही. २०११ मध्ये फायरफॉक्सने सुमारे दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती देण्यास प्रारंभ केला. लोकांनी आवडीने जोडलेल्या लहानसहान पुरवण्या वरचेवर बंद पडू लागल्या, आणि मोठ्या कचेऱ्यांनी चाचणी तरी केव्हा करावयाची, असा रास्त प्रश्न विचारला. तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये 'ईएसआर' या नावाची दीर्घ मुदतीची शाखा निघाली. तिच्यात सुमारे वर्षभर रूप पालटत नाही, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात. कचेरीसाठी हीच शाखा योग्य, असे मी निःसंकोचपणे सांगेन. पुढे नोव्हेंबर २०१७ च्या सत्तावन्नाव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या सर्व पुरवण्या एकदम बाद झाल्या. वेग वाढला हे खरे, परंतु ज्यांची कामाची घडी त्या पुरवण्यांवर बसली होती त्यांना वेगाचे कौतुक काय असणार? बटणांच्या जागा विनाकारण बदलण्याची निर्मात्यांची हौस तर मला अद्याप उमगलेली नाही.

मग कोणता ब्राऊजर चांगला? हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात विचारला जातो. वेगातील फरक साध्या अर्ज भरण्यात फारसा जाणवत नाही. नावे पुष्कळ दिसली तरी आतील इंजिने मुख्यतः तीनच आहेत, हे ध्यानी घेणे अधिक उपयोगाचे. क्रोम, ऑपेरा आणि जानेवारी २०२० पासूनचा नवा एज ही एकाच इंजिनावरची भावंडे होत. फायरफॉक्सचे इंजिन वेगळे आणि ॲपलच्या सफारीचे तिसरे. तेव्हा "आमचे संकेतस्थळ क्रोम व एज या दोहोंवर तपासले आहे" असे कंत्राटदाराने सांगितले, तर त्याने बव्हंशी एकच चाचणी दोनदा केली असे समजावे.

इंटरनेट एक्सप्लोररची अखेरची, अकरावी आवृत्ती १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाली. ज्यांचे एखादे जुने काम तिच्यावाचून अडते त्यांच्यासाठी एजमध्ये जुन्या पद्धतीने पान उघडण्याची सोय ठेवली आहे. ती किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. ही मुदत कामाची पुनर्रचना करण्यासाठी आहे. ती निश्चिंत बसण्यासाठी वापरली, तर तोच पेच पुन्हा पडेल. शाळांतील जुन्या यंत्रांचा प्रश्न याहून बिकट आहे. विंडोज ७ असलेल्या संगणकावर क्रोमची १०९ वी आवृत्ती अखेरची ठरली. फायरफॉक्सने ११५ व्या आवृत्तीची दीर्घ शाखा त्यानंतरही काही काळ जपली. अशा यंत्रावर बँकेचे अथवा वेतनाचे काम करू नये. मुलांना टंकलेखन शिकविण्यास ते अजून पुरे आहे.

कचेरीत सर्व यंत्रांवर नवी आवृत्ती एकदम घेऊ नये. आधी एका यंत्रावर घेऊन आठवडाभर रोजची कामे, विशेषतः स्वाक्षरी आणि छपाई, करून पाहावीत. जपून ठेवलेले पत्ते तत्पूर्वी निराळ्या फाईलमध्ये उतरवून घ्यावेत. मार्चअखेर तर प्रयोग नकोतच! त्या दिवसांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या तेवढ्या घ्याव्यात, मोठा बदल एप्रिलमध्ये.

पंचायत सदस्यांना एक वेगळे सांगावयाचे आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ मध्येच प्रसिद्ध केली आणि नंतर त्यांच्या सुधारित आवृत्त्याही आल्या. संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राऊजरवर चालले पाहिजे, ही अपेक्षा त्यांत आहे. तरी आपल्या गावाचे संकेतस्थळ करून घेताना करारात किमान दोन भिन्न इंजिनांची नावे घालावीत आणि नव्या आवृत्तीमुळे काम अडल्यास दुरुस्ती कोणी, किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने करावयाची तेही लिहून घ्यावे. देयकावर सही करण्यापूर्वी एकदा ते संकेतस्थळ फायरफॉक्सवर आणि गावातल्या एखाद्या साध्या मोबाईलवर आपल्यासमोर उघडून दाखवावयास सांगावे.