चंद्रपूरचे करकरे साहेब



हेमंत करकरे म्हटलं की मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची, 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवते. आज मी बोलणार आहे त्यांच्या चंद्रपूरच्या दिवसांबद्दल.

माणूस विदर्भातलाच. वर्ध्यात शाळा झाली, 1975 साली नागपुरातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी केली आणि 1982 साली पोलीस सेवेत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. पुढे करकरे चंद्रपूरला पोलीस अधीक्षक झाले, तोवर नक्षलवाद्यांच्या दलमांनी, म्हणजे सशस्त्र तुकड्यांनी, या जंगलात पाय रोवले होते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या या भागात माहिती काढणं सोपं नाही. भामरागड-एटापल्लीकडे लोक माडिया बोलतात, सिरोंच्याला तेलुगू. साहेबाचा प्रश्न दुभाष्यामार्फत जाणार, उत्तर भीत भीत येणार. गावात पोलिसांची जीप थांबली, की रात्री दलम येऊन विचारणार, ‘कोण बोललं?’ खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून कितीतरी आदिवासींचे जीव गेलेत. इथं अधिकाऱ्याला घाई करून चालतच नाही.

करकऱ्यांकडे तो धीर होता. जंगलात पडलेलं वाळकं लाकूड, एखादं वाकडंतिकडं मूळ ते उचलून आणायचे. त्यात दडलेला आकार त्यांना दिसायचा. मग स्वतः तासून, घासून त्याचं काष्ठशिल्प करायचे. अशी दीडशेच्या आसपास शिल्पं त्यांनी चंद्रपुरात घडवली. बंदोबस्त, गस्त, बैठका सांभाळून!

नंतर ते ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेत गेले, सात वर्षं ऑस्ट्रियात होते. जानेवारी 2008 मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले. त्यांच्याआधी तिथं होते के. पी. रघुवंशी. 1990 साली गडचिरोलीचे अधीक्षक असताना स्थानिक तरुणांना घेऊन नक्षलविरोधी ‘सी-60’ पथक उभं केलं ते यांनीच. माडिया-गोंडी बोलणारी, रानवाटा ठाऊक असलेली ती पोरं.

गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, असं खात्यात सर्रास म्हटलं जातं. मला ते ऐकवत नाही. मुंबईत बसून साऱ्या राज्याची काळजी वाहणारे हे दोन्ही अधिकारी आपल्याच जंगलात तयार झाले.

26 नोव्हेंबरच्या त्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळ करकरे आणि त्यांच्यासोबतचे पोलीस अधिकारी अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. करकऱ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पथकाची सूत्रं पुन्हा रघुवंशींकडे आली.