ताईमहाराज आणि एका दिवसाचं मृत्युपत्र



७ ऑगस्ट १८९७. पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबामहाराज, पटकीनं अत्यवस्थ होते. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटून आले होते. बाबामहाराजांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा. त्याच दिवशी मृत्युपत्र झालं, टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आणखी काहीजण विश्वस्त नेमले गेले आणि त्याच दिवशी बाबामहाराजांनी डोळे मिटले. मागे राहिल्या त्यांच्या गरोदर पत्नी ताईमहाराज. वय अजून विशीच्याही आत.

मृत्युपत्रातली तजवीज थोडक्यात अशी होती. पत्नीला मुलगा झाला तर उत्तम. झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीनं तिच्या मांडीवर दत्तक द्यावा आणि तो वयात येईपर्यंत विश्वस्तांनी इस्टेट सांभाळावी. नवऱ्याच्या जिवाची घालमेल त्यात दिसते. वंश राहावा, वतन राहावं, कर्ज फिटावं. फक्त, हे सगळं जिच्या मांडीवर घडायचं होतं तिला काय हवं, याला त्या कागदात जागा नव्हती.

जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि मार्चमध्ये गेला. टिळक तेव्हा तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांनी इस्टेटीच्या कारभारात लक्ष घातलं. डोक्यावर कर्ज होतं, तेव्हा वाड्यातल्या खर्चाला कात्री लागली. जून १९०१ मध्ये टिळक आणि खापर्डे ताईमहाराजांसह औरंगाबादला गेले. ते तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथं पंडित घराण्याच्या शाखेतला जगन्नाथ हा लहान मुलगा दत्तक घेतला गेला. निदान टिळकांचं म्हणणं तसं होतं. ताईमहाराज म्हणाल्या, दत्तक झालाच नाही, माझ्यावर दबाव आणला गेला. लगेच ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरला जाऊन तिथल्या शाखेतले बाळामहाराज दत्तक घेतले. विश्वस्तांपैकीच एक, कारभारी नागपूरकर, त्यांच्या बाजूला होते.

पुढचं आपण टिळकचरित्रातून वाचलेलं असतं. ताईमहाराजांनी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मान्यता, रद्द व्हावं म्हणून अर्ज केला. न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी टिळकांची प्रदीर्घ उलटतपासणी होऊ दिली आणि अखेर टिळकांवरच फौजदारी खटला भरायला लावला. ऑगस्ट १९०३ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल अठरा महिने सक्तमजुरी झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. दिवाणी दावा वेगळाच चालला. खालच्या कोर्टात टिळकांची सरशी झाली, पण १९१० मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, मुंबई हायकोर्टानं निकाल फिरवला. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं औरंगाबादचा दत्तक खरा ठरवला. ज्या साक्षीदारांना उलटतपासणीत खोटेपणाबद्दल नीट विचारलंही नाही, त्यांना निकालात खोटं ठरवता येत नाही, असं त्या निकालात बजावलेलं आहे. वकील मंडळी तो निकाल आजही दाखवतात.

टिळकांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मित्राला दिलेल्या शब्दापायी त्यांनी पैसा, प्रकृती आणि उमेदीची वर्षं खर्ची घातली. पण हा खटला आपण नेहमी टिळकांच्या छळाची कथा म्हणून सांगतो आणि ताईमहाराजांना दुसऱ्यांच्या कानमंत्रानं चालणारी अजाण बाई म्हणून बाजूला सारतो. त्या का बिथरल्या, हे कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे.

तेव्हाच्या हिंदू कायद्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर हयातीपुरता मर्यादित हक्क असे. तिनं दत्तक घेतला की तोही संपे. दत्तविधान होताक्षणी मिळकत मुलाची आणि बाईच्या वाट्याला पोटगी. म्हणजे कोणता मुलगा मांडीवर बसतो, त्याचे सख्खे आईबाप कोण, त्याच्या वतीनं कारभार कोण पाहणार, यावर ताईमहाराजांचं जेवणखाण, राहणं आणि वाड्यातला मान, सारं अवलंबून होतं. इतका मोठा निर्णय, आणि कागदावर त्यांचं काम एवढंच की मुलाला मांडीवर घ्यायचं! बाई कुणाच्या तरी सल्ल्यानं चालणारच होती. विश्वस्तांच्या नाही, तर कारभाऱ्याच्या. ताईमहाराज प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापर्यंत जगल्याही नाहीत.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमानं स्त्रीच्या मर्यादित हक्काचं पूर्ण मालकीत रूपांतर केलं. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यानं ठरवलं की, दत्तक आला म्हणून जी मिळकत आधीच ज्याची झाली आहे ती त्याच्याकडून जाणार नाही. ताईमहाराजांना हे दोन कायदे मिळाले असते, तर औरंगाबाद आणि कोल्हापूर यांच्यात त्यांची अशी ओढाताण झाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

तरीही परवापरवापर्यंत माझ्यासमोर आलेल्या मृत्युपत्रांच्या मसुद्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘माझ्या पश्चात सदर मिळकतीचा माझ्या पत्नीने हयातभर उपभोग घ्यावा, तिला विक्री, गहाण अगर दान करण्याचा अधिकार राहणार नाही, तिच्या पश्चात मिळकत मुलांकडे जावी.’ लिहिणाऱ्याला वाटतं, आपण बायकोची सोय केली. चाळीस वर्षं जिनं संसार ओढला, तिला आपण तिच्याच घरात मुलांची भाडेकरू करून ठेवतोय, हे त्याच्या लक्षात येत नाही. उद्या हिप बदलायची वेळ आली, तर घर गहाण टाकण्यासाठी तिनं कुणाकडे बघायचं?

शिवाय हे वाक्य भांडणाचं मूळ आहे. चौदाव्या कलमाचंच दुसरं पोटकलम सांगतं की मृत्युपत्रानं मर्यादित हक्क दिला असेल, तर तो मर्यादितच राहतो. पण १९७७ मध्ये तुलसम्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी बाईला मिळकत मिळाली असेल, तर कागदात बंधनं असली तरी ती पूर्ण मालक होते. मग होतं असं: आई मागे स्वतःचं मृत्युपत्र ठेवून घर मुलीला देते. मुलगे म्हणतात, आईला देण्याचा अधिकारच नव्हता. मुलगी म्हणते, आई पूर्ण मालक होती. दोघांच्याही हाती कायद्याचा आधार, आणि राखीपौर्णिमेला एकमेकांकडे जाणारी भावंडं दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात समोरासमोर येऊन मान फिरवतात. हे मी फार पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट, अखेरच्या घटकेची. मरणाच्या दारातल्या माणसाचं मृत्युपत्र बेकायदा नसतं. पण ज्यानं ते पुढे आणलं त्यानंच ते लिहवून घेतलं असेल आणि त्यालाच मोठा लाभ होत असेल, तर कोर्ट ते बारकाईनं तपासतं. सुप्रीम कोर्टाच्या १३ नोव्हेंबर १९५८ च्या निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी हे सविस्तर मांडलं आहे. ज्याची इच्छा म्हणून कागद दाखवायचा, तो माणूस ‘ही माझी सही’ म्हणून सांगायला येऊ शकत नाही. म्हणून शंकेच्या जागा दूर करण्याचं ओझं कागद पुढे आणणाऱ्यावर पडतं.

खरं तर मृत्युपत्राला फार काही लागत नाही. स्टॅम्पपेपर नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं किंवा ती सही तुमची असल्याचं तुमच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि तुमच्यासमोर त्यांनी आपापली सही केलेली हवी. पुढे कोर्टात त्यांपैकी एकाला उभं राहावं लागतं, तेव्हा आपल्याहून तरुण साक्षीदार घ्या आणि ज्यांना काही मिळणार आहे अशांना घेऊ नका. मन बदललं, तर नवं करा. शेवटचं तेच खरं धरतात.

धडधाकट असताना बसा. घर बायकोला द्यायचं असेल, तर ‘हयातभर उपभोग’ हे शब्द काढून ‘पूर्ण मालकीहक्काने’ असं लिहा. काही कारणानं तसं करायचं नसेल, तर ते कारण तिच्या तोंडावर सांगा. मसुदा झाला की तो आधी तिच्या हातात द्या, तिला वाचू द्या, विचारू द्या, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय सही करू नका.