फटीच्या अलीकडे, पलीकडे

परिषदेसाठी दुरून आलेले संशोधक आणि आमच्या तालुक्यातील डॉक्टर बंधू-भगिनींनो,

ऐन पावसाळ्यात घाट उतरून आपण कोकणात आलात. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

मज्जापेशींमधील संदेशवहन हा आपला विषय. दोन पेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची, आणि संदेश ती बहुधा रसायनाच्या रूपाने ओलांडतो. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची नस चेतवून त्यातला द्राव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवले की, वेगवान उद्दीपनानंतर हे संदेशवहन कित्येक तास बळकट राहते. त्यापुढचे आपल्या निबंधांतून ऐकायला मिळेलच.

मला बोलायचे आहे ते इथल्या पावसाळ्याबद्दल. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची खूण पुष्कळदा सापडतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या मिटतात, गिळता येत नाही, श्वास उथळ होतो. नस शाबूत, स्नायू शाबूत. बिघाड असतो तो दोघांच्या सांध्यात. नागाचे विष पलीकडे, स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटते. तिथे निओस्टिग्मीन या औषधाने ॲसिटिलकोलीन, म्हणजे संदेश नेणारे रसायन, टिकवून धरले, तर मिटलेली पापणी डोळ्यांदेखत वर येऊ शकते. मण्यारीचे विष अलीकडे घाव घालते, नसेचे टोकच निकामी करते. रसायन सुटलेच नाही, तर टिकवायचे काय? प्रतिविष रक्तातले विष बांधते, पण मोडलेले टोक सांधत नाही. ते सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो.

अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, प्रकाशाला प्रतिसाद नसतो, हातपाय लुळे पडलेले असतात. मेंदू मृत झाला, असेच पाहणाऱ्याला वाटते. पण तो शुद्धीवर असू शकतो, उशाशी चाललेले आपले बोलणे ऐकत असू शकतो.

म्हणून संशोधकांना विनंती, नसेचे हे टोक लवकर कसे सावरेल याचा शोध घ्या. आणि तालुक्यातल्या मित्रांनो, व्हेंटिलेटर नसेल तर अँब्यू बॅग दाबत राहा, मोठे रुग्णालय येईपर्यंत हात थांबवू नका, आणि रुग्णाला नावाने हाक मारून, काय चालले आहे ते सांगत राहा.