‘नुसती चक्कर’ म्हणजे काय?

(सोलापुरात एप्रिल महिन्यात झालेल्या शिलाई कामगार स्त्रियांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरची दुपारची वेळ माझ्या वाट्याला आली आहे आणि आपल्या डोक्यावर पत्रा आहे. त्यामुळे विषय समजावून सांगायला मला फारसे कष्ट पडणार नाहीत. बोलणं चालू असताना कुणाला पाणी प्यावंसं वाटलं, बाहेर जाऊन यावंसं वाटलं, तर खुशाल उठा. परवानगी मागू नका. ती मागायची सवय आपल्याला किती महागात पडते, ते पुढे सांगणारच आहे.

उन्हाळ्यात मी शेडमधून, वस्त्यांमधून फिरते तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं, “काही नाही ओ ताई, नुसती चक्कर आली.” सांगणारी बाई हसून सांगते. चक्कर येणं म्हणजे बाईच्या जातीला लागलेलीच गोष्ट, असं आपण धरून चाललो आहोत. सुपरवायझर विचारतो, उपवास आहे का? दुसरा हळूच विचारतो, पाळी आहे का? तिसरी कुजबुजते, दिवस गेलेत का? शेडमध्ये किती उकडतंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

हे ‘नुसती’ मला आज उलगडायचं आहे. चक्कर कधी खरोखरच नुसती असते आणि कधी त्याच शब्दाखाली बाईचा जीव धोक्यात असतो. हा फरक ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. शेजारच्या मशीनवरच्या बाईला तो ओळखता आला पाहिजे, कारण त्या क्षणी तिथे तीच असते.

गेल्या मे महिन्यात एका शेडमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. शेडचं नाव सांगत नाही, तिथल्या बायकांना तिथेच काम करायचं आहे. पहिली विशीतली मुलगी. सकाळपासून कटिंगच्या टेबलाशी उभी होती. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली कोसळली. एकच आरडाओरडा झाला. दोन मिनिटांत तिने डोळे उघडले, सगळ्यांना ओळखलं, ‘माझी ओढणी कुठाय’ म्हणून विचारलं. तरी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसरी पंचेचाळिशीची बाई, वाफेच्या इस्त्रीवर काम करणारी. मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर गावी होती, कामावर परत येऊन तिसराच दिवस. ती पडली नाही. दुपारी डोकं ठणकतंय म्हणाली, एकदा उलटी झाली. मग एकच शर्ट पुन्हापुन्हा घडी करू लागली. शेजारणीला वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली, चिडून भांडू लागली. कुणी हसलं. कुणी म्हणालं अंगात येतंय, आणि कपाळाला कुंकू लावलं. सुपरवायझर म्हणाला, पीस उरलेत म्हणून नाटक चाललंय. असा तासभर गेला. मग तिला झटके आले, तेव्हा कुठे गाडी शोधायला लोक धावले. ती वाचली, पण नऊ दिवस दवाखान्यात होती. मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि इस्त्रीवर ती परत आलेली नाही.

पहिलीला आली होती ती चक्कर. दुसरीला झाला तो उष्माघात. आणि दुसरी पडलीच नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

असं का होतं ते थोडक्यात सांगते. उकडायला लागलं की शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे पाठवतं. तासन्‌तास उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. घामावाटे पाणी गेलेलं असतं. मग मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली पडतं. आडवं झालं की रक्त पुन्हा डोक्याकडे येतं, म्हणून दोन-चार मिनिटांत शुद्ध येते. तेव्हा पडलेल्या बाईला लगेच उचलून खुर्चीत बसवू नका. सगळीकडे पहिलं तेच करतात! सावलीत आडवंच ठेवा, पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा, भोवतालची गर्दी हटवा. पूर्ण शुद्धीवर आली की घोटघोट पाणी द्या. त्या दिवशी पुन्हा मशीनवर बसवू नका आणि घरी एकटीला पाठवू नका.

उष्माघातात गोष्ट वेगळी असते. शरीराची थंड व्हायची यंत्रणाच हरते. आतलं तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदू बिघडू लागतो. म्हणून खूण बघायची ती डोक्याची. बाई असंबद्ध बोलते, ओळखत नाही, तोल जातो, चिडते, गप्प होऊन शून्यात बघते, झटके येतात किंवा बेशुद्ध पडून उठत नाही. कातडी कोरडी असेल तरच उष्माघात, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. कष्टाचं काम करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असतं. त्या इस्त्रीवाल्या बाईचा ब्लाउज ओलाचिंब होता. तेव्हा घामावर जाऊ नका. तिचं नाव विचारा, आज वार कोणता विचारा, शेजारी कोण बसलंय ते विचारा. उत्तर चुकलं आणि अंग तापलेलं असलं, की ती घटकाभराची चक्कर नाही.

मग काय करायचं? एकीने १०८ ला फोन लावायचा. बाकीच्यांनी गाडी येण्याची वाट न बघता तिला तिथेच गार करायला घ्यायचं. हा अर्धा तास सगळ्यांत मोलाचा. अंगावर बादलीने पाणी ओता, ओले पंचे घाला, जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेवर, काखेत, जांघेत ठेवा. ‘तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं तर लकवा मारेल’ ही भीती मी गावोगाव ऐकली आहे. ती मनातून काढून टाका, गार न केल्यानेच मेंदू जातो. पुरुष भोवती उभे आहेत म्हणून साडी ओली करायला बायका कचरतात. चार जणींनी चादर धरून आडोसा करा, पण पाणी ओता. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. आणि क्रोसिनसारखी तापाची गोळी इथे कामाची नाही, हा ताप त्या जातीचा नव्हे.

या दोन्हींच्या मधली एक पायरी असते आणि आपल्यातल्या निम्म्या जणी उन्हाळाभर तिच्यावरच उभ्या असतात. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, गळून जाणं, लघवी गडद पिवळी आणि थोडी. इथेच थांबून सावलीत बसलं, अंग ओलं केलं, मीठ-साखरेचं पाणी प्यायलं तर तासाभरात बरं वाटतं. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, त्याहून जास्त मीठ नको. तासाभरात उतार पडला नाही, उलट्या थांबल्या नाहीत, तर दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात आलेली प्रत्येक चक्कर उन्हाचीच असते असंही नाही. काही चकरांना, मग त्या दोन मिनिटांत बऱ्या झाल्या तरी, त्याच दिवशी डॉक्टर लागतो. छातीत दुखत असेल किंवा धडधडत असेल, काहीच सूचना न मिळता एकदम पडली असेल, काम जोरात चालू असतानाच पडली असेल, पडताना डोकं आपटलं असेल, बोलणं अडखळत असेल, एका बाजूचा हातपाय लुळा वाटत असेल, पोटात दुखून अंगावरून जात असेल. गरोदर बाई, मधुमेहाची बाई, हृदयविकाराची बाई असेल तरीही. रक्तदाबाच्या, पाणी काढायच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी ऊन जास्त बाधतं. अशा गोळ्या चालू असतील तर स्वतःच बंद करू नका, उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि वारंवार चक्कर येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं होतं. या खोलीतही हिशोब काही वेगळा नसणार.

आता पाण्याकडे येते. उन्हात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. मी हे एका शेडमध्ये सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, “ताई, पाणी आत घालायला सांगता, बाहेर कुठं टाकायचं?” पन्नास बायकांना एक संडास, त्याची कडी तुटलेली, पलीकडे पुरुषांची विडी-तंबाखूची बैठक. पीसवर काम, उठलं की पैसे बुडाले. मग बाई सकाळी घरून निघताना जे पाणी पिते त्यावरच संध्याकाळ काढते. ही बाई चक्कर येऊन पडली तर तिच्या कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं. संडासाच्या कडीचा उल्लेख कुठेच नसतो. मला विचाराल तर उष्माघाताविरुद्धची पहिली मागणी पंख्याची नाही, कडीची आहे.

कंबोडियातल्या कपड्यांच्या कारखान्यांत २०११ च्या सुमारास एकेका दिवशी शंभरावर बायका बेशुद्ध पडू लागल्या. पुढे कित्येक वर्षं हे चालू राहिलं. या बायका तिथे जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवत होत्या. कामगार संघटना सांगत होत्या की उष्णता आहे, हवा कोंडलेली आहे, ओव्हरटाइम आहे, पोटात पुरेसं अन्न नाही. पण ‘सामूहिक उन्माद’ हा शब्द लवकर चिकटला. एकीला बघून दुसरी घाबरते हे खरं असेलही. पण पहिली का पडली? इकडे ‘अंगात आलं’, तिकडे ‘हिस्टेरिया’. बाईच्या डोक्यात दोष शोधला की छताकडे बघावं लागत नाही.

छतावरून आठवलं. हवामान खातं मैदानी भागात ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश या पातळ्या धरून उष्णतेची लाट ठरवतं. पण तो आकडा मोकळ्या हवेतला, सावलीतला. पत्र्याखाली, वाफेच्या इस्त्रीशेजारी काय असतं ते वेधशाळा मोजत नाही. शिवाय हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने चौदा जण गेले. तिथे तापमान चाळिशीच्या आतच होतं. आपल्या शेडमधली वाफ आणि कोंडलेली हवा धरा, म्हणजे सोलापूर कोरडं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. भिंतीवर लावायचा थर्मामीटर फार महाग नसतो. एका गटाने वर्गणी काढून तो लावला आणि रोज अकरा, दोन, चार वाजता आकडा वहीत लिहिला. मालकाशी बोलताना ‘लई उकडतंय’ म्हणण्यापेक्षा ती वही पुढे केल्यावर बोलण्याचा सूर बदलला. दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आणि छताला पांढरा रंग एवढं तरी पदरात पडलं.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याचं पाणी, वायुवीजन, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे संडास हे सगळं होतं. उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याची सक्ती मात्र २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथेच होती. म्हणजे अडीचशे बायकांपर्यंत कोमट पाणी चालेल! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्या २३ व्या कलमात हवा, तापमान, पिण्याचं पाणी आणि वेगळी स्वच्छतागृहं ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. हे कलम लक्षात ठेवा. पण विजेवर चालणारी शेड कारखाना ठरायला पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. दहापेक्षा कमी कामगारांची बहुतेक शेडं संहितेच्या बाहेरच राहतात. आणि घरी बसून विड्या वळणारी, शिलाई करणारी बाई तिच्या स्वतःच्याच पत्र्याखाली असते, तिचं तापमान कुणी मोजायचं? हा प्रश्न आपल्याला संघटना म्हणून घ्यावा लागणार आहे.

एक मागणी अशी आहे की तिला पैसे लागत नाहीत. नवी आलेली किंवा रजेवरून परतलेली बाई पहिल्या आठवड्यात इस्त्रीवर, बॉयलरजवळ नको. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठ-पंधरा दिवस लागतात आणि कामावर उष्माघाताने दगावणारे पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतलेच असतात. तिला आधी धागे तोडायचं, मोजायचं काम द्या, मग हळूहळू वाढवा. आणि दोघी-दोघींच्या जोड्या करा. स्वतःचं डोकं बिघडतंय हे त्या बाईला स्वतःला कळत नाही, ते जोडीदारणीलाच कळतं.

कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर डॉक्टरांना तीन गोष्टी न विसरता सांगा : काम कुठलं होतं, किती वाजता बिघडलं, आणि बरळत होती का. केसपेपरवर ‘कामाच्या ठिकाणी’ हे शब्द लिहून घ्या. पुढे ईएसआयकडे किंवा मालकाकडे नुकसानभरपाई मागताना तेच शब्द उपयोगी पडतात.

मी बोलायची थांबते. मागे दोन बादल्या, पंचे, पुठ्ठे आणि एक चादर ठेवली आहे. पाच-पाच जणींचे गट करा. एक आडवी पडेल, एक फोन लावायचं सोंग करेल, बाकीच्या आडोसा, पाणी आणि वारा बघतील. मी घड्याळ लावते. हाक मारल्यापासून ओला पंचा मानेवर पडेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजू. चला, पहिली कोण आडवी पडतेय?