तारेवरची नजर : हब आणि स्विच



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कचेरीत, शाळेत, पतसंस्थेत किंवा दवाखान्यात भिंतीला एक लहानशी पेटी टांगलेली असते. तिच्यात निळ्या-करड्या तारा खोचलेल्या, हिरवे दिवे लुकलुकत असलेले. नेट बंद पडले की कुणीतरी तिची पिन काढतो आणि परत लावतो. आज मला त्या पेटीबद्दल एकच प्रश्न विचारायचा आहे. तिला जोडलेल्या एका संगणकावर बसून शेजारच्या संगणकांची ये-जा दिसते का?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याचे उत्तर सरसकट ‘हो’ असे होते. आज बहुतेक ठिकाणी ते ‘नाही’ असे आहे. हा बदल वेगासाठी झाला. तुमच्या-माझ्या गुपितांची काळजी त्यामागे नव्हती. हे ध्यानात न घेतल्याने दोन्ही बाजूंनी फसगत होते. नेटवर्क सांभाळणाऱ्याला जे दिसायला हवे ते दिसत नाही, आणि वापरणारा समजतो की आपल्याला कोणी पाहूच शकत नाही.

थोडे मागे जाऊ. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना कागदावर मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली. प्रेरणा हवाई विद्यापीठाच्या अलोहा जाळ्याची होती. तिथे बेटाबेटांवरची केंद्रे एकाच रेडिओ लहरीवर बोलत. मेटकाफ यांनी हवेच्या जागी केबल आणली, पण मूळ तत्त्व तेच ठेवले : माध्यम सगळ्यांचे सामाईक. बोलण्याआधी कान द्यायचा, दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचे आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा. १९९० साली पिळलेल्या जोडतारांवर १० मेगाबिट वेगाने इथरनेट चालवण्याचे मानक आले आणि कचेऱ्यांमध्ये हब नावाच्या पेट्या दिसू लागल्या. तारा बदलल्या, तरी आतला कारभार सामाईकच राहिला.

हबला डोके नसते. एका पोर्टातून आलेला विद्युतसंकेत ताजा करायचा आणि बाकीच्या सगळ्या पोर्टांतून बाहेर सोडायचा, एवढेच त्याचे काम. एसटी स्टँडवर सांगलीच्या गाडीची घोषणा होते तेव्हा ती साऱ्या स्टँडला ऐकू जाते, उठतात मात्र सांगलीला जाणारेच. संगणकाच्या नेटवर्क कार्डाचे तसेच असते. प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. दारात आलेल्या चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, आपला पत्ता नसला की कार्ड ती टाकून देते. पण हे टाकून देणे केवळ शिस्तीचा भाग आहे. कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये घातले की ते आलेली प्रत्येक फ्रेम वर पाठवते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टीसीपीडम्प हे फ्रेम टिपणारे सॉफ्टवेअर लिहिले, ते याच पायावर. त्याच कामाचे जेराल्ड कोम्ब्स यांचे इथरियल १९९८ मध्ये आले. २००६ पासून आपण त्याला वायरशार्क म्हणतो.

हबच्या काळी टेलनेट (दूरच्या संगणकावर काम करण्याची सोय) आणि पॉप-३ (ईमेल उतरवून घेण्याची सोय) यांचे पासवर्ड तारेवरून उघड्या अक्षरांत जात. हबवर बसलेल्या कोणालाही ते वाचता येत. हे भयंकर होते, यात शंका नाही. तरीही निदान करणाऱ्या माणसाला हबने फार मोठी गोष्ट दिली, हे मी मुद्दाम सांगतो. कुठल्याही पोर्टात लॅपटॉप खोचा, सगळे जाळे समोर. शिवाय हब चांगले-वाईट पाहत नसल्याने मोडक्या फ्रेम आणि टकराही जशाच्या तशा पुढे येत.

पण दहा मेगाबिट सगळ्यांत वाटून घ्यायचे, आणि एका वेळी एकानेच बोलायचे. संगणक वाढले तसे हे असह्य झाले. १९९० सालीच ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला. सिलिकॉन व्हॅलीतल्या या कंपनीचे एक संस्थापक भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

स्विच प्रत्येक फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि नोंद करतो की हा मॅक पत्ता अमुक पोर्टावर आहे. पुढे त्या पत्त्यासाठी काही आले की ते फक्त त्याच पोर्टाकडे जाते. काही काळ हालचाल दिसली नाही, अनेक उपकरणांत पाच मिनिटे, तर नोंद पुसली जाते. पत्ता ठाऊक नसेल तर स्विच फ्रेम सगळीकडे सोडतो, आणि सर्वांसाठीची घोषणा म्हणजे ब्रॉडकास्ट तर नेहमीच सगळीकडे जाते.

आता समजा, चाळीस संगणकांच्या एका कचेरीत रोज दुपारी तीनला नेट रडतखडत चालते. कोणी हुशार मुलगा आपल्या जागेवर वायरशार्क सुरू करतो. त्याला स्वतःच्या संगणकाची ये-जा दिसते, ‘या आयपी पत्त्याचा मालक कोण’ अशा एआरपीच्या हाका दिसतात, प्रिंटरांची आपली ओळख सांगणारी बडबड दिसते, क्वचित एखादी चुकार फ्रेम. पडदा जवळजवळ शांत. तो अहवाल देतो की जाळ्यात काही गडबड नाही, लाइन खराब आहे. प्रत्यक्षात हिशेब विभागातला संगणक त्याच वेळी आपला सगळा बॅकअप बाहेर पाठवत असतो. ती ये-जा या मुलाच्या पोर्टावर आलीच नाही. स्विचवर तुम्ही कुठे उभे आहात, यावर तुम्हाला काय दिसते हे ठरते. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

मग उभे कुठे राहायचे? व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचमध्ये एका पोर्टाची नक्कल दुसऱ्या पोर्टावर पाठवण्याची सोय असते. तिला पोर्ट मिररिंग म्हणतात. सिस्कोवाले स्पॅन म्हणतात. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाची नक्कल घेतली की बाहेर जाणारे-येणारे सगळे दिसते, आणि वरचे दुखणे पाच मिनिटांत सापडते. पण इथेही पुष्कळ जण अडखळतात. दोन संगणक एकाच स्विचवर आपसांत बोलत असतील, तर ते राउटरपर्यंत जातच नाहीत. एखादा व्हायरस कचेरीतल्या कचेरीत पसरत असेल, तर राउटरच्या पोर्टावर त्याचा मागमूस लागणार नाही. त्यासाठी संशयित संगणकाच्या किंवा सर्व्हरच्या पोर्टाचीच नक्कल घ्यावी लागते.

नक्कलही नेहमी पुरी नसते. एक गिगाबिटचा पोर्ट दोन्ही दिशांना भरून वाहत असेल तर माहिती होते दोन गिगाबिट, आणि नकलेच्या पोर्टातून मावते एक. उरलेल्या फ्रेम गळतात. मोडक्या फ्रेम स्विच सहसा आधीच टाकून देतो, म्हणून केबल खराब असल्याचा पुरावा नकलेत दिसत नाही. तो त्या पोर्टाच्या चूक-नोंदींमध्ये शोधावा. जिथे एकही फ्रेम सुटता कामा नये, तिथे तारेच्या मध्ये बसणारे टॅप हे उपकरण वापरतात.

काही जण अजून जुना हब जपून ठेवतात आणि निदानापुरता मध्ये लावतात. १० मेगाबिटला ते चालेल. पण १०/१०० असे लिहिलेल्या हबपासून सावध राहा. त्याच्या आत दोन वेगांचे दोन वेगळे गट असतात आणि मध्ये पूल असतो. तुमचा लॅपटॉप १०० वर आणि संशयित यंत्र १० वर असेल, तर १० च्या गटातली आपसातली ये-जा तुमच्यापर्यंत येत नाही. गिगाबिटच्या जमान्यात तर हब बाजारात आलेच नाहीत.

आता वापरणाऱ्यांकडे वळतो. स्विच आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज टाकून द्या. एआरपीचा नियम १९८२ सालचा आहे आणि त्यात उत्तर देणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नाही. ‘राउटर मीच’ असे एखाद्या संगणकाने खोटे सांगितले तर शेजारी विश्वास ठेवतात आणि आपली सगळी ये-जा त्याच्या हाती देतात. खोट्या मॅक पत्त्यांचा भडिमार करून स्विचची नोंदवही भरून टाकली, तर कित्येक स्विच हबसारखे वागू लागतात. चांगल्या स्विचमध्ये यावर तोडगे असतात. ते कोणीतरी चालू करावे लागतात. खरे संरक्षण कूटबद्धतेने मिळते. आज संकेतस्थळांवरचा बहुतेक मजकूर कूटबद्ध जातो, म्हणून पाहणाऱ्याला तो वाचता येत नाही. मात्र कोणता संगणक कोणाशी, केव्हा आणि किती बोलला, हे त्याला तरीही कळते. एवढ्यावरून माणसाबद्दल पुष्कळ काही ताडता येते.

म्हणूनच नक्कल घेण्याचा अधिकार हा मला फार जबाबदारीचा वाटतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीवाचून नेटवर्कमधून माहिती उतरवून घेतल्यास भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सभागृहात शाळा-महाविद्यालयांची, बँकांची नेटवर्के सांभाळणारी तरुण मंडळी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या खेपेला स्विच घ्याल तेव्हा मिररिंगची सोय असलेलाच मागा. नक्कल सुरू करण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या, कोणत्या पोर्टाची आणि किती वेळ हे नोंदवहीत लिहा. काम संपले की तो पोर्ट बंद करा आणि साठवलेली फाइल पुसून टाका.