आमवात आणि आपले सांधे

(कोलशेत येथे दिलेले व्याख्यान)



कोलशेतच्या खाडीकाठी कारखान्यांत राबलेली, धुणीभांडी करून मुले शिकवणारी माणसे या सभेत आहेत. हात चालले तरच चूल पेटते, हे त्यांना आम्ही सांगायला नको. म्हणून आज हातांविषयीच बोलू.

म्हातारपणी गुडघा झिजतो तो प्रकार वेगळा. आमवात ऐन कर्त्या वयातही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांत साधारण दोनशेंमागे एकाला हा रोग आढळला. तेव्हा हे शहरातल्या सुखवस्तूंचे दुखणे नव्हे.

यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. सांध्याचे आतले अस्तर सुजते, जाड होते, आणि शेतात तण माजावे तसे कूर्चेवर पसरून तिला व कडेच्या हाडाला खाऊ लागते. पुष्कळ रुग्णांत पहिल्या दोन वर्षांतच एक्स-रेत हाडाच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. पुढे बोटे करंगळीकडे कलतात, मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. एकदा वाकडा झालेला सांधा गोळ्यांनी सरळ होत नाही.

आमच्या भगिनी इथेच फसतात. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, त्या कामाला लागतात. आतले कुरतडणे चालूच राहते. बिननावाच्या पुड्यांत तर स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. आणि मागल्या जन्माचे भोग म्हणून गप्प बसणे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. भगवंतांनी आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः स्नान घातले होते, त्याचे कर्म काढीत बसले नव्हते.

दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, सकाळी तासभर बोटे आखडत असतील, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात लवकर दाखवावे. रक्ततपासणी निर्दोष आली तरी रोग नाहीच असे नव्हे.

रोगालाच आवर घालणारे मेथोट्रेक्सेट हे औषध जुने आणि स्वस्त आहे. ते गरोदरपणात चालत नाही, आणि मध्ये मध्ये रक्त व यकृत तपासावे लागते. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतल्यास जिवावर बेतते. घरातल्या शिकलेल्या मुलाने वार ठरवून कॅलेंडरवर खूण करून द्यावी.